कारागृहातील सर्वधर्मीय उपासनेची जागा : मुंबईच्या कारागृहांसाठी एक कार्यपद्धती

मुंबईतील कोणत्याही कारागृहात उपासनेच्या जागेचा विषय काढला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : माणसांना पाय पसरायला जागा नाही, तिथे देवाला कुठून द्यायची? प्रश्न खोटा नाही. सात रस्त्याजवळचे मुंबई मध्यवर्ती कारागृह, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले आर्थर रोड जेल, १९२० च्या दशकात बांधले गेले आणि तेथे मंजूर क्षमतेच्या तिपटीहून अधिक बंदी राहिल्याचे वारंवार घडले आहे. भायखळ्याचे आवार आखडते, ठाण्याचे कारागृह जुन्या किल्ल्यात, आणि तळोजा त्या मानाने नवे असले तरी तेही भरलेलेच. तरीही हा प्रश्न चौरस फुटांइतकाच घड्याळाचा, पाण्याचा आणि नोंदवहीचा आहे, आणि या तीन गोष्टी अधीक्षकांच्या हातात असतात, हे ध्यानात घेतले तर बरेच काही नवी वीट न लावता करता येते. पुढील मांडणी कारागृह अधिकारी, कारागृहात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था आणि दुरुस्ती-बांधकामाचे आराखडे करणारे अभियंते यांच्यासाठी आहे.

कायद्याचा आधार

संविधानाच्या कलम २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म आचरण्याचा हक्क दिलेला आहे, आणि तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या, बंद्यांना कसे वागवावे याविषयीच्या नेल्सन मंडेला नियमांपैकी ६५ आणि ६६ हे दोन नियम थेट या विषयावरचे आहेत : एखाद्या धर्माचे पुरेसे बंदी असतील तर त्या धर्माचा पात्र प्रतिनिधी नेमावा किंवा त्याला मान्यता द्यावी, कोणत्याही बंद्याला अशा प्रतिनिधीची भेट नाकारू नये, बंद्याला ती भेट नको असेल तर त्याच्या इच्छेचा पूर्ण मान राखावा, आणि शक्य तेवढ्या प्रमाणात उपासनेला हजर राहण्याची व धर्मग्रंथ जवळ बाळगण्याची मुभा द्यावी.

नकार देण्याच्या मोहात पडलेल्या अधिकाऱ्याने आणखी एक निकाल जवळ ठेवावा. १९८६ च्या बिजोय इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का, हा प्रश्न गैरलागू आहे. ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का, एवढेच पाहायचे. बंद्याची मागणी समोर आली की ‘हे आमच्या धर्मात तर नसते’ किंवा ‘त्यांच्यातले बाकीचे लोक असे करत नाहीत’ हा शेरा लिहिण्यापूर्वी ही कसोटी लावून पाहावी. मागणी नाकारायची असेल तर कारण सुरक्षेचे, आरोग्याचे किंवा सुव्यवस्थेचे हवे, आणि ते लेखी हवे.

तिसरा निकाल अगदी अलीकडचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. उपासनेच्या जागेशी याचा संबंध काय, असे वाटेल, पण तो फार जवळचा आहे. खोली कोण झाडणार, पाण्याचा हौद कोण घासणार आणि प्रसादाचा शिरा कोण ढवळणार, याच तीन ठिकाणी जात मागल्या दाराने परत येते. म्हणून खोलीच्या कामाची पाळी आळीपाळीने, वापरणाऱ्या सर्व गटांतून, नोंदवहीत लिहून लावावी.

मोजणीपासून सुरुवात

प्रवेशाच्या वेळी नोंदवलेला ‘धर्म’ हा रकाना या कामाला पुरत नाही. हिंदू म्हणून नोंद झालेल्यांत कपाळी बुक्का लावणारा वारकरी असतो, गळ्यात इष्टलिंग बाळगणारा लिंगायत असतो, अन्य देवतांची पूजा न करणारा महानुभाव असतो, आणि पुष्कळदा कागदपत्रांवरच्या जुन्या नोंदीमुळे बौद्ध बंदीही त्याच रकान्यात सापडतो. ख्रिश्चनांत कॅथलिक माणसाला धर्मगुरू आणि मिस्सा, म्हणजे त्यांच्या हस्ते होणारी सामूहिक उपासना, हवी असते, तर पेंटेकोस्टल माणूस त्या मिस्सेला जाणार नाही. सुन्नी आणि शिया यांच्या नमाजाच्या तपशिलांत फरक असतो. हे सारे जेलर साहेबांना पाठ असावे अशी अपेक्षा नाही. विचारले की कळते.

विचारणा दाखल झाल्यापासून पहिल्या आठवड्यात, समाजसेवक किंवा कल्याण अधिकाऱ्याने, बराकीबाहेर आणि इतर बंदी ऐकत नसताना करावी. तुम्ही नेमाने काही उपासना करता का, ती एकट्याने की इतरांसोबत, कोणत्या वेळी, अंगावर कायम असणारी एखादी वस्तू आहे का, कोणते उपवास किंवा खाण्याचे निर्बंध पाळता, आणि धर्मगुरूंची भेट हवी आहे का, एवढे विचारले की पुरते. ‘काही नाही’ हे उत्तर तितक्याच आदराने लिहून घ्यावे. कलम २५ मधील सदसद्विवेकबुद्धीत न मानण्याचाही समावेश होतो. सकाळच्या सामूहिक प्रार्थनेला सर्वांना हात जोडून उभे करण्याची प्रथा जिथे असेल, तिथे मौन उभे राहण्याची किंवा बाजूला बसण्याची मोकळीक लेखी स्वरूपात द्यावी.

ही माहिती बराक ठरवण्यासाठी वापरू नये आणि पहारा करणाऱ्या सिद्धदोष बंद्यांच्या हाती तर मुळीच पडू देऊ नये. शिवाय ती दर महिन्याला ताजी करावी लागते, कारण मुंबईच्या कारागृहांत न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, बंदी बहुसंख्य असतात आणि जामिनाने माणसे सतत येत-जात असतात. जानेवारीत एकही ज्यू बंदी नव्हता म्हणून जूनमध्येही नसेल, असे धरून चालता येत नाही.

रिकामी खोली

प्रत्येक धर्माला वेगळी खोली हा विचार मुंबईत व्यवहार्य नाही, आणि जिथे जागा आहे तिथेही तो शहाणपणाचा नाही, कारण खोल्यांच्या आकारावरून कोणाला किती मिळाले याची मोजदाद सुरू होते. एकच सामायिक खोली घ्यावी आणि ती रिकामी ठेवावी. भिंतीवर चित्र नको, कोपऱ्यात देव्हारा नको, कायमचा क्रूस नको, कमानीचे रंगकाम नको. प्रत्येक गटाची सामग्री कुलूपबंद कपाटात. आपल्या वेळेत ती बाहेर काढायची आणि वेळ संपली की परत ठेवायची. अनेक जुन्या कारागृहांच्या आवारात एखादे देऊळ आधीपासून असते. ते पाडण्याचे कारण नाही, पण त्या देवळाच्या सभामंडपालाच ‘सर्वधर्मीय जागा’ म्हणून कागदावर दाखवण्याची सोयीस्कर युक्ती मात्र करू नये.

आकाराचा हिशेब सोपा आहे. नमाजासाठी एका माणसाला रुंदीत सुमारे ६० सेंटिमीटर आणि लांबीत १.२ मीटर, म्हणजे पाऊण चौरस मीटरच्या आतबाहेर जागा लागते. सहा मीटर बाय दहा मीटरच्या खोलीत दहा-दहाच्या आठ रांगा बसतात. दार, चपला आणि पहाऱ्याच्या शिपायाची जागा वजा केली तर साठ-पासष्ट माणसे आरामात मावतात. मांडी घालून बसायच्या भजनाला किंवा बुद्धवंदनेला त्याच खोलीत नव्वदच्या आसपास बसतील. अशी खोली स्वतंत्र नसेल तर शाळेचा वर्ग, ग्रंथालय किंवा विणकामाची शेड ठरावीक वेळेला मोकळी करून घ्यावी. भेटीची खोली मात्र घेऊ नये. तिथे मुलाखतीचा दिवस आणि उपासनेचा दिवस यांची टक्कर अटळ असते.

मुंबईहून मक्केची दिशा पश्चिमेपासून साधारण दहा अंश उत्तरेकडे कललेली आहे. ती एकदा होकायंत्राने नक्की करून जमिनीवर फरशीच्या सांध्यालगत बारीक रेघ मारून ठेवावी, म्हणजे दर शुक्रवारी वाद होत नाही आणि इतरांच्या डोळ्यांत काही खुपतही नाही. खोलीबाहेर, छपराखाली, बसून पाय धुता येतील असा बुटका नळकट्टा असावा. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी, तो लागतोच, पण पाय धुऊन आत जाण्याची सवय आपल्याकडे बहुतेक सर्वांनाच आहे. नळाला पाणी नसेल त्या दिवसासाठी झाकणाचे पिंप आणि मग ठेवावेत. पावसाळ्यातील चार महिने सतरंज्या ओल्या राहून कुबट होतात, म्हणून प्लास्टिकच्या विणलेल्या चटया बऱ्या. त्या झटकून, उन्हात टाकून लगेच वापरता येतात. खिडक्यांना समोरासमोर वारा हवा. गळफासाला उपयोगी पडेल असा हूक, पाइप किंवा पंख्याचा सहज हाती लागणारा दांडा खोलीत असू नये, आणि शिपायाला बाहेरून संपूर्ण खोली दिसली पाहिजे.

उजेडाचा आणि ज्वालेचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा. निरांजन, मेणबत्ती, उदबत्ती आणि कापूर या चारही गोष्टी गर्दीच्या बंद खोलीत धोक्याच्या आहेत, आणि दम्याच्या रुग्णाला उदबत्तीचा धूर बराकीत सहन होत नाही. सामायिक खोलीत शिपायाच्या हाताने लावलेली एकच ज्योत, शेजारी वाळूची बादली, आणि बराकीत फक्त बॅटरीवरचा दिवा, हा नियम सर्वांना सारखा लावला तर कुरकुर फार टिकत नाही. सणाच्या नावाने एकाला सूट दिली की मात्र तो नियम त्याच दिवशी संपतो.

खरी उपासना बराकीत

आता मुख्य अडचणीकडे येऊ. बराकी संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात आणि सकाळी उजाडल्यावर उघडतात. अनेक ठिकाणी दुपारीही काही वेळ बराकी बंद ठेवतात. मुंबईत सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनअखेरीस सव्वासातनंतर होतो. म्हणजे पाच नमाजांपैकी फजर (पहाटेचा), मगरिब (सूर्यास्तानंतरचा) आणि इशा (रात्रीचा) हे तीन कायम कुलपाआड होतात, आणि दुपारी बराकी बंद असतील तर जुहर, म्हणजे दुपारचा नमाजही. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे साप्ताहिक पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, घरोघरची सांजवात त्याच वेळची, आणि हरिपाठही संध्याकाळचाच. सामायिक खोली कितीही चांगली केली तरी दिवसाच्या उपासनेचा मोठा भाग बराकीतच होणार आहे, हे मान्य करून बराकीचे नियम आधी करावेत.

बराकीत एका टोकाला, संडासापासून दूरची भिंत धरून, दोन-तीन चटयांएवढी पट्टी ‘शांत जागा’ म्हणून आखून घ्यावी. तिथे कोणाचेही अंथरूण कायमचे नसावे. झोपायच्या वेळी ती पट्टी वापरावी लागली तरी पहाटे आणि संध्याकाळी प्रत्येकी अर्धा तास ती मोकळी राहील, एवढे बराकीतील बंद्यांकडून ठरवून घ्यावे. ठरवताना सर्व गटांना एकत्र बसवावे, कारण अधिकाऱ्याने लादलेल्या वेळेपेक्षा आपापसांत घासाघीस करून ठरलेली वेळ जास्त पाळली जाते. आवाजाचा नियम एकच : रात्री दहा ते सकाळी सहा मनातल्या मनात किंवा पुटपुटण्याइतक्याच आवाजात, इतर वेळी शेजारच्या अंथरुणापर्यंत ऐकू जाईल एवढा. पहाटे उठणाऱ्यासाठी पिंपात रात्रीच पाणी साठवलेले असावे. पाण्यावरून होणारी भांडणे नंतर धर्माची भांडणे म्हणून नोंदली जातात, असे माझे मत आहे.

शुक्रवारच्या नमाजासाठी दुपारी बराकी बंद ठेवण्याची पद्धत आड येते. ती एक वाजता पाऊण तासासाठी ठरावीक बराकींपुरती शिथिल करता येते, किंवा बराक उघडणे शक्यच नसेल तर धर्मगुरूंच्या अनुपस्थितीत बराकीतच जुहर पढण्याची मुभा द्यावी लागते. मुंबईत टोळ्यांच्या हिशेबाने बंदी वेगवेगळ्या बराकींत ठेवण्याची वेळ येते, आणि उपासनेच्या निमित्ताने नको ती माणसे एकत्र आली तर काय, ही धास्ती अनाठायी नाही. त्यावर उपाय म्हणजे दोन तुकड्या करून दोन वेळा खोली देणे. सामूहिक उपासना सर्वांसाठी बंद करणे हा त्यावरचा उपाय होत नाही.

अंगावरच्या आणि हातातल्या वस्तू

झडतीच्या टेबलावर सर्वाधिक अपमान वस्तूंवरून होतो, म्हणून तेथे उभ्या राहणाऱ्या शिपायाला पुढील तपशील सांगून ठेवावा. पारशी माणसाच्या कमरेची कुस्ती लोकरीच्या ७२ धाग्यांची विणलेली असते, आणि ती सोडून पुन्हा बांधणे हाच प्रार्थनेचा भाग आहे. जानवे, गळ्यातील इष्टलिंगाची दोरी, जपमाळ, रोझरी आणि तसबीह याही शेवटी दोऱ्याच आहेत. आत्महत्येचा धोका असलेल्या बंद्याच्या बाबतीत वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत घेऊन त्या प्रार्थनेच्या वेळेपुरत्या हाती द्याव्यात. बाकीच्यांना राहू द्याव्यात. शीख बंद्याचे केस व दाढी कापू नये, कडा आणि कंगवा राहू द्यावा. कृपाणाचा उल्लेख कलम २५ च्या स्पष्टीकरणात असला तरी कारागृहात पाते बाळगू देणे सुरक्षेला धरून नाही, म्हणून त्या जागी काय चालेल हे स्थानिक गुरुद्वाऱ्याच्या ग्रंथींशी, म्हणजे तेथील धर्मग्रंथ-वाचकांशी, बोलून ठरवावे. टोपी, रुमाल आणि ओढणी झडतीत काढायला सांगताना ती आडोशाला काढू द्यावी आणि जमिनीवर टाकू नये.

ग्रंथांची तपासणी पाने चाळून, स्वच्छ हातांनी करावी. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत वस्तू लपवता येतात हे खरे, म्हणून मऊ बांधणीच्या प्रती मागवाव्यात. कुराण, बायबल, ज्ञानेश्वरी, शिखांची गुटका नावाची प्रार्थनापोथी किंवा त्रिशरण-पंचशीलाची छोटी पुस्तिका यांना ‘एका बंद्याला अमुक पुस्तके’ या मर्यादेतून वगळावे. वाचता न येणाऱ्यांसाठी दुसरा बंदी वाचून दाखवतो तेव्हा तो मेळावा समजून मोडू नये. तुरुंगात वाचन-श्रवण व्हावे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि सोबतच्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली.

बाहेरून येणारी माणसे

धर्मगुरूंची निवड कारागृहाने स्वतः करू नये. त्या-त्या समाजाच्या मान्य संस्थेकडून लेखी नाव मागवावे, पोलीस पडताळणी करावी, आणि एकाच धर्मातील दोन पंथांची मागणी असेल तर दोघांनाही वेळ द्यावा. आत येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एका पानाच्या अटी मराठी, हिंदी आणि उर्दूतून द्याव्यात : निरोप-चिठ्ठी नेणे-आणणे नाही, खटल्याविषयी बोलणे नाही, देणगी मागणे नाही, इतर धर्मांवर टीका नाही, आणि उपासनेला आलेल्यांखेरीज कोणाकडे जाणे नाही. चमत्काराने आजार बरा करतो किंवा निकाल फिरवतो असे सांगणाऱ्याला प्रवेश देऊ नये. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो कारागृहाच्या भिंतीपाशी थांबत नाही.

योग आणि विपश्यना यांच्याविषयी एक सावधगिरी सुचवतो. जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात १९७५ साली विपश्यनेचे शिबिर झाले आणि पुढे १९९४ मध्ये तिहारमध्ये एक हजार बंद्यांचे शिबिर झाले. त्यांचा उपयोग पुष्कळांना होतो. पण शिबिर घेतले म्हणून कोणाच्या उपासनेची सोय झाली, असे अहवालात दाखवू नये, कारण ही शिबिरे घेणारेच ती कोणत्या धर्माची नसल्याचे सांगतात.

मिस्सेसाठी लागणारे द्राक्षासव धर्मगुरूने स्वतः मोजके आणावे, गेटवर नोंद करावी आणि उरलेले परत न्यावे. पारशी बंद्याला पवित्र अग्नी आणून देता येत नाही आणि तो तशी अपेक्षाही करत नाही. सूर्य किंवा दिवा, कोणत्याही प्रकाशाकडे तोंड करून प्रार्थना होते, त्यामुळे त्याला पूर्वेची खिडकी किंवा अंगणाचा कोपरा मिळाला की पुरे. ज्यू बंदी एकटाच असेल तर सामूहिक प्रार्थनेला लागणारी दहा जणांची सभा शक्य नसते. शुक्रवारी संध्याकाळी त्याला पुस्तक आणि बॅटरीचा दिवा द्यावा.

स्वयंपाकघर आणि पंचांग

उपासनेची सोय म्हटली की लोक खोलीचा विचार करतात, पण तक्रारी येतात त्या ताटावरून. वर्षाच्या सुरुवातीला मुदपाकखान्याच्या भिंतीवर एक सामायिक पंचांग लावावे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, म्हणून गेल्या वर्षीचे वेळापत्रक पुन्हा वापरता येत नाही. सहरीचे जेवण फजरच्या आधी बराकीत पोहोचायचे तर चूल मध्यरात्रीनंतर लगेच पेटवावी लागते, किंवा कोरडे पदार्थ आदल्या संध्याकाळी वाटावे लागतात. पर्युषणात जैन बंदी सूर्यास्तानंतर खात नाहीत आणि कंदमुळे टाळतात, म्हणजे कांदा-बटाट्याशिवायची भाजी त्यांच्यासाठी आधी बाजूला काढावी. आषाढी एकादशीला साबुदाणा, भगर, शेंगदाणे आणि केळी यांची मागणी अचानक वाढते. ६ डिसेंबर, १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर या दिवशी बौद्ध बंद्यांना वंदनेसाठी खोलीची वेळ आधीच राखून ठेवावी. ‘तुमचा तर काही उपवास नसतो’ असे म्हणून ती मागणी मागे ढकलली जाते. उपवास करणाऱ्या मधुमेही बंद्याशी डॉक्टरने आदल्या आठवड्यात बोलावे.

खर्चाच्या बाबतीत कलम २७ चे भान ठेवावे : कोणत्याही विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर भरायला लावता येत नाही. म्हणून चटया, कपाटे, नळ आणि उपवासाचा शिधा हे सर्वांना सारख्या निकषाने सरकारी खर्चातून, आणि मूर्ती, सजावट, मिठाई हे त्या-त्या समाजाच्या देणगीतून, अशी रेघ ओढून ठेवणे सोयीचे पडते.

महिला विभाग

भायखळ्याच्या महिला विभागासाठी वरील सर्व काही लागू आहेच, शिवाय काही वेगळे. पुरुषांच्या वेळापत्रकातून उरलेला तास महिलांना देऊ नये. महिला बंद्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांतील ५४ वा नियम महिला बंद्यांच्या धार्मिक व सांस्कृतिक गरजा वेगळ्या असतात हे मान्य करायला सांगतो. मासिक पाळीत खोलीत यावे की नाही, हे त्या बाईने ठरवायचे आहे. तिला अडवण्याचा किंवा बोलावण्याचा अधिकार ना शिपाईबाईला ना सोबतच्या बंदी महिलेला. विधवेला हळदीकुंकवातून वगळले जात असेल तर तो कार्यक्रम कारागृहाचा म्हणून करू नये. आईसोबत राहणाऱ्या सहा वर्षांखालील मुलांना खोलीत येऊ द्यावे, पण त्यांना आईच्या इच्छेविरुद्ध कोणतीही प्रार्थना शिकवू नये.

नोंद, तपासणी आणि बदली

खोलीच्या दाराशी एक वही ठेवावी : तारीख, गट, उपस्थितांची संख्या, आलेले धर्मगुरू, नाकारलेली मागणी आणि कारण. नावे लिहू नयेत. कारागृहाला भेट देणारे अभ्यागत मंडळ किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे प्रतिनिधी येतील तेव्हा ती वही त्यांच्यासमोर ठेवावी. तीन महिन्यांची पाने एकत्र पाहिली की कोणत्या गटाला सतत गैरसोयीची वेळ मिळते आणि कोणाची मागणी ‘पुढे पाहू’ म्हणून लोंबकळते, हे आपोआप दिसते. धर्मांतराची नोंद करण्याची विनंती आली तर प्रलोभन किंवा दबाव नाही याची खात्री त्या बंद्याशी एकांतात बोलून करावी आणि वकिलाला भेटण्याची संधी द्यावी. जेवण, बराक किंवा काम यांतील एकही सवलत त्या नोंदीला जोडलेली नसावी.

बंद्याची आर्थर रोडहून तळोजाला बदली होते तेव्हा औषधांच्या कागदासोबत त्याच्या उपासनेच्या नोंदीची प्रतही जावी आणि ग्रंथ व चटई त्याच्याच सामानात जावी, म्हणजे नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून विचारपूस होत नाही. न्यायालयाच्या तारखेचाही विचार करावा. रमजानात तारखेला गेलेला बंदी पुष्कळदा सूर्यास्तानंतरच परत येतो. त्याच्यासाठी खजुराची पुडी आणि पाण्याची बाटली सकाळी गेटवरच पोलीस पथकाच्या हवाली करून पावती घ्यावी, आणि परत आल्यावर त्याचे जेवण झाकून ठेवलेले आहे का, हे रात्रपाळीच्या तुरुंगाधिकाऱ्याने स्वतः पाहावे.